राखेतलं देणं

सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. इथे आला की तो थांबायचा. डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू करायचा.

संध्याकाळी भट्टी विझली की आमच्या उंबऱ्यावर बसून मी त्याला पाढे शिकवायचो. मी चौदा वर्षांचा, तो बारा-तेराचा. चौथीतून शाळा सुटलेली. आज पाठ झालेलं उद्या पुसलेलं असायचं. मी चिडायचो. एकदा पाटी त्याच्या डोक्यात हाणली. टेंगूळ चोळत तो म्हणाला, "उद्या येतंय बघ."

जानेवारी २०२५ मध्ये एक शोधनिबंध वाचताना मला हा पाढा आठवला. अमेरिकेतल्या नेवाडामधल्या डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे जोसेफ मॅक्कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्क्टिकच्या बर्फातून खोलवर कापून काढलेले तीन हिमगाभे तपासून रोमन साम्राज्याच्या ऐन भरभराटीत युरोपच्या हवेत किती शिसं होतं त्याचा हिशेब मांडला होता. सुमारे दोनशे वर्षांत पाच लाख टनांहून जास्त शिसं हवेत गेलं. त्यामुळे लहान मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी २.४ मायक्रोग्रॅम शिसं वाढलं असावं आणि साम्राज्यभर बुद्ध्यांक अडीच ते तीन अंकांनी घसरला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. हे शिसं मुख्यतः चांदी काढताना उडालं होतं.

मी निबंध बाजूला ठेवला. त्या मुलाच्या रक्तात किती असेल? तो तर भट्टीपासून दोन हातांवर बसायचा.

कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात आमचं घर होतं. धंदा झारेकऱ्याचा. सराफांच्या दुकानातला केर, मुशींचे फुटके तुकडे, कारागिरांच्या बैठकीखालची राख आबा विकत घ्यायचे. ते सगळं धुवायचं, कुटायचं आणि शिसं व टाकणखार घालून वितळवायचं. राखेत विखुरलेली चांदी शिसं आपल्या पोटात गोळा करतं. मग तो गोळा हाडांच्या राखेच्या खोलगट वाटीत ठेवून वरून भात्याचा वारा द्यायचा. शिसं जळतं, त्याचं मुर्दाडशिंग होतं. बरंचसं राखेत मुरतं, उरलेलं धुरावाटे जातं आणि शेवटी चांदी एकटी राहते. त्या क्षणी काळपट साय फाटून गोळा एकदम लखलखतो. "चांदीनं डोळा उघडला," आबा म्हणायचे. तो डोळा उघडताना बघायला मी अभ्यास टाकून धावत यायचो.

रोमनांची रीत हीच होती. दक्षिण स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींपाशी दोन हजार वर्षांपूर्वी चाललेलं काम आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जसंच्या तसं चालू होतं. फरक एवढाच, की तिथे खाणीत गुलाम राबत होते आणि आमच्या भात्यावर शेजारच्या चाळीतला एक पोरगा बसत होता, रोजचे दोन रुपये आणि दुपारची भाकरी यावर.

कॉलेजात मला भूशास्त्र शिकवणारे सर भेटले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचलं नसतं. पहिल्याच महिन्यात ते आम्हाला पन्हाळ्याला घेऊन गेले आणि तटाखालच्या काळ्या कड्यावर हात ठेवायला लावला. म्हणाले, "हा थिजलेला लाव्हा आहे. एकावर एक थर मोजा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून हा रस नुसता वाहत राहिला. तुमच्या शेतातली काळी माती याचीच पोरगी." ज्वालामुखी म्हणजे जपानी चित्रातला शंकूसारखा डोंगर, अशी माझी समजूत होती. आपण त्याच्याच पाठीवर घर बांधून, ऊस लावून राहतो आहोत हे त्या दुपारी कळलं. मी भूशास्त्र घेतलं ते त्या कड्यापाशी.

दुसऱ्या वर्षी सर एकदा घरी आले. आबा भट्टीवरून उठून आले आणि त्यांनी हात जोडले. डावा हात सरळ उभा राहिला, उजवा मनगटात लटकून पडला. आम्ही घरातले ते सहा महिने बघत होतो. 'काम करून हात दमलाय' यापलीकडे कुणी विचार केला नव्हता. सरांनी तो लटका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आबा, पोटात मुरडा येतो का?"

"येतोय की. अल्सर हाय म्हणं. औषध चालूय."

"तोंड उघडा बघू."

हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती. गावातल्या एका दवाखान्यात वर्षभर पोटाची पुडी घेऊन आबा परत येत होते. धंदा काय करता, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. सर डॉक्टर नव्हते. पण पृथ्वीचं वय काढणाऱ्या माणसाबद्दल ते वाचत आले होते आणि त्या वाचनातून त्यांना शिशाची सगळी लक्षणं ठाऊक झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ते स्वतः आबांना मिरजेला घेऊन गेले. शरीरातलं शिसं बाहेर काढणारी इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या चार महिन्यांत सरांनी आबांबरोबर मिरजेच्या अकरा खेपा केल्या. आबांचं मनगट बऱ्यापैकी वर आलं.

तो पृथ्वीचं वय काढणारा माणूस म्हणजे क्लेअर पॅटरसन. आयोवात १९२२ साली जन्मलेला. उल्केतलं शिसं मोजून १९५६ मध्ये त्याने पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं ठरवलं. पण ते मोजताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता, कारण प्रयोगशाळेत जिकडे तिकडे शिसं. भांड्यांत, धुळीत, पाण्यात, माणसांच्या केसांत. मोजायचा कण त्या गर्दीत हरवायचा. त्याने कॅलटेकमध्ये अतिस्वच्छ खोली बांधली, उत्तर मिळवलं आणि मग तो त्या गर्दीच्याच मागे लागला. हे शिसं आलं कुठून? १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे आकडे छापले. जुन्या थरांपेक्षा नव्या थरांत शिसं सुमारे दोनशे पट. शेवटची मोठी उडी पेट्रोलमध्ये शिसं घालायला लागल्यानंतरची. उद्योगांचा रोष त्याने पत्करला. शिशावरच्या तज्ज्ञ समितीतून त्याला वगळलं गेलं, आणि त्याने बोलणं थांबवलं नाही. सर त्याच्याबद्दल बोलताना एकेरीतच बोलायचे, लहान भावाबद्दल बोलावं तसं.

आजार कळल्यावर सरांनी आबांना भट्टी बंद करायला सांगितलं. आबा म्हणाले, "घर कशावर चालवू? ह्याची फी कशावर भरू?" बोट माझ्याकडे होतं. मग त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली. धुराड्याला पंधरा फूट पत्रा जोडून ते उंच केलं आणि स्वतः भट्टीपासून लांब बसू लागले. जवळ बसायला पोरगा होताच.

सर आले, मान वर करून बघत उभे राहिले.

"आबा, धूर गेला कुठं?"

"वर गेला की, सर."

"वर जाऊन पडतो कुठं?"

आबा काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा घेता घेता सरांनी आइसलंडमधल्या लाकी ज्वालामुखीची गोष्ट सांगितली. मी तेव्हापासून ती निदान शंभर वर्गांत सांगितली असेल, पण त्या ओट्यावरच्यासारखी मला कधी जमली नाही.

८ जून १७८३ रोजी तिथे जमीन फाटली. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आणि तिच्यावर शंभराहून जास्त मुखं. आठ महिने, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, ती ओकत राहिली. लाव्ह्याने शेतं आणि वस्त्या गिळल्या, तरी खरा घात वायूने केला. सुमारे बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, त्याबरोबर फ्लोरिन. तो फ्लोरिन पावसातून आणि राखेतून गवतावर बसला. मेंढ्यांनी ते गवत खाल्लं.

"मेंढरांचं काय झालं म्हणालात?" आबांनी मध्येच विचारलं. आमच्याकडे धनगरांचा तळ दरसाल यायचा. आबांना मेंढरं कळायची.

जबड्यांवर गाठी आल्या, सर म्हणाले. हाडं सुजली, दात वेडेवाकडे वाढले, खूर सुटून पडले. चारा समोर असून त्यांना चावता येईना. सुमारे ऐंशी टक्के मेंढ्या गेल्या, निम्मी गुरं गेली. मेंढ्या गेल्यावर माणसं टिकणार कशी? पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात दर पाचातला एक माणूस दुष्काळाने आणि रोगाने मेला. त्या काळाला आइसलंडमधली माणसं आजही धुक्याचे हाल म्हणूनच ओळखतात.

हे एवढं नेमकं माहीत आहे, कारण किर्क्युबायार्क्लौस्तुर नावाच्या गावात योन स्टाइनग्रिम्सन हा पाद्री होता आणि तो लिहीत होता. मेंढ्यांच्या जबड्यांचं वर्णन त्याचंच. २० जुलैला लाव्हा गावाच्या तोंडाशी आला असताना त्याने चर्चमध्ये प्रार्थना चालवली आणि लाव्हा अलीकडेच थांबला, म्हणून तो तिथे अग्नीचा पाद्री म्हणून ओळखला जातो. मला त्याची दुसरी गोष्ट मोठी वाटते. मदतीच्या पैशांची मोहोरबंद पेटी पोचवायला त्याच्या हाती दिली होती. वाटेत भुकेली माणसं भेटली, त्याने मोहोर फोडली आणि पैसे वाटत गेला. त्याबद्दल वरिष्ठांनी त्याला दंड केला, जाहीर माफी मागायला लावली.

लाकीचा धूर आइसलंडपुरता राहिला नाही. त्या उन्हाळ्यात युरोपभर कोरडं, घशाला झोंबणारं धुकं पसरलं. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने त्याचा संबंध आइसलंडच्या ज्वालामुखीशी असू शकेल असं लिहून ठेवलं. पुढे शास्त्रज्ञांनी हवामानाची प्रारूपं चालवली, तेव्हा आफ्रिका आणि भारतावरचा त्या वर्षीचा पाऊस लाकीने ढिला केला असावा असं दिसलं. इजिप्तमध्ये नाईल आटली, दुष्काळ पडला. आपल्याकडे १७८३-८४ मध्ये दिल्ली, अवध, राजपुताना होरपळले. तो चालिसा दुष्काळ, संवत १८४० चा. त्याच सुमारास महादजी शिंदे उत्तरेतलं राजकारण सावरत होते, ते या उपाशी मुलखात. चालिसामागे एल निनोही असल्याचं अभ्यासक मानतात, त्यामुळे सगळा दोष लाकीच्या माथी मारणार नाही. पण आइसलंडच्या गवतावर बसलेला धूर नाईलपर्यंत पोचू शकतो, एवढं मी मानतो.

सरांची गोष्ट संपली तेव्हा आबा धुराड्याकडे बघत होते. "त्यो तर देवानं केला, सर," ते म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "हा तुम्ही करताय."

एवढं कठोर बोललेलं मी त्यांना दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, आमच्या घरात पाय ठेवणाऱ्या माणसांमध्ये खरं बोलण्याइतकं प्रेम फक्त त्यांचं होतं.

आबांनी भट्टी बंद केली ती मला नोकरी लागल्यावर, चार वर्षांनी. त्या चार वर्षांत माझी बी. एस्सी. झाली, एम. एस्सी. झाली. फी, पुस्तकं, पुण्यातली खोली, सगळं भट्टीतून आलं. शिसं काय करतं हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि भात्यावर तोच मुलगा बसत होता. मी सुट्टीत यायचो, त्याच्याशी बोलायचो, त्याच्या हातचा चहा प्यायचो. 'तू ऊठ तिथून' हे एक वाक्य मी त्याला म्हटलं नाही.

१९९५ च्या सुरुवातीला सरांचं चार पानी पत्र आलं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, अक्षर थरथरत होतं. आदल्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या निबंधाबद्दल लिहिलं होतं. ग्रीनलंडच्या बर्फात ग्रीक-रोमन काळातलं शिसं सापडलं, नैसर्गिक पातळीच्या चौपट. लेखकांत पॅटरसनचं नाव होतं. पत्र आलं त्या १९९५ च्याच अखेरीस पॅटरसन वारला. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'तुझ्या आबांच्या धुराचीही नोंद कुठेतरी झालेली असणार.'

नोंद हा शब्द सरांनी जाणून वापरला होता. सराफाच्या पेढीवर रोजकीर्द असते, तसा हा बर्फ. दर वर्षाचा एक थर, त्यात त्या वर्षीची हवा, धूळ, क्षार, धातू. मोठा ज्वालामुखी फुटला की गंधकाची ठळक रेघ उमटते आणि त्या रेघांवरून वर्षं लावता येतात. म्हणजे ज्वालामुखी तिथी सांगतो आणि शिसं त्या तिथीला माणसं काय करत होती ते सांगतं. दोन्ही एकाच पानावर.

पुढे मॅक्कॉनेल यांच्या गटाने ही रोजकीर्द जवळजवळ वर्षावर्षाने वाचली. २०१८ मध्ये त्यांनी इसवीसनपूर्व ११०० ते इसवीसन ८०० पर्यंतचं शिसं मांडलं. लढाया पेटल्या की शिसं घसरतं, शांतता आली की चढतं. इसवीसन १६५ मध्ये अँटोनाइन साथ आली आणि आलेख कोसळला तो पुढे पाचशे वर्षांहून अधिक काळ उठला नाही. खाणीत उतरणारी, भात्यावर बसणारी माणसंच मेली, मग धूर कोण करणार? २०२० मध्ये त्यांनी आणखी एक पान उलगडलं. इसवीसनपूर्व ४३, म्हणजे सीझरच्या खुनानंतरचं वर्ष, अलास्कातला ओकमोक ज्वालामुखी. त्यानंतरची थंडी, नाईलचे चुकलेले पूर, रोममधली उपासमार. रोमचं प्रजासत्ताक ज्वालामुखीने बुडवलं असं मी म्हणणार नाही, ते आधीच पोखरलेलं होतं. पण भुकेलेल्या रोमचा इतिहास अलास्काच्या राखेशिवाय पुरा होत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना आलेखातले चढउतार आवडायचे. मला त्या रेघेकडे बघताना भात्याचा आवाज ऐकू यायचा. साम्राज्याची भरभराट म्हणून जी उंच रेघ दिसते, ती कुणाच्या तरी पोराच्या फुप्फुसांतून गेलेली आहे. नीरोने इसवीसन ६४ मध्ये नाण्यातली चांदी कमी केली ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. ती चांदी गाळणाऱ्या एकाही माणसाचं नाव कुठे नाही. बर्फाने निदान त्याचा धूर जपला.

सर १९९७ मध्ये गेले. मी त्यांना एकदाही 'तुमच्यामुळे' असं म्हणू शकलो नाही. आबांचा उजवा हात शेवटपर्यंत घास उचलत राहिला, हे त्यांचं देणं माझ्यावर आहे. पॅटरसनचं आहेच. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं आणि जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर त्या माणसाचा हात आहे.

पण भात्यावर जो बसला त्याचं देणं वेगळं आहे, कारण ते त्याने दिलेलं नाही, आम्ही घेतलेलं आहे. सतराचा पाढा शिशानेच अडवला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याचं रक्त तेव्हा कुणी तपासलं नाही. आम्ही आबांना मिरजेला नेलं, त्याला नेलं नाही. तो निबंध वाचला त्या आठवड्यात मी कोल्हापूरला गेलो. तो त्याच चाळीत राहतो. सगळं सांगितलं, ग्रीनलंडपासून सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आबांनी भाकरी दिली, ते कोण देत नव्हतं." मी म्हटलं, "मी तुझ्या डोक्यात पाटी घातली होती." त्याला ते आठवत नव्हतं.

त्याचा नातू सहा वर्षांचा आहे. आमची शेड होती त्या मोकळ्या जागेत पोरं गोट्या खेळतात. शिसं कुजत नाही, वाहून जात नाही, वरच्या मातीत तसंच बसून राहतं. नातवाचं आणि त्या चाळीतल्या आणखी नऊ मुलांचं रक्त मी तपासून घेतलं. चौघांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं, त्यात नातू एक. त्या जागेची वरची हातभर माती काढून नीट विल्हेवाटीसाठी पाठवायचं आणि वर फरशी घालायचं काम आता चालू आहे. खर्च मी करतो. आबांच्या भट्टीतूनच मी कमावता झालो, तेव्हा पैसे तिथलेच आहेत.

युनिसेफने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतात आहेत. किती शिसं चालतं, याचं सुरक्षित असं उत्तर नाही. तुमच्या बोळात कुणी सराफांची राख गाळत असेल, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असेल, तर तिथल्या माणसांशी भांडू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. आधी तिथल्या मुलांचं रक्त तपासून घ्या. पहिल्या चाचणीला बोटाच्या टोचणीतून निघालेलं रक्त पुरतं.